शिंदीच्या पानाची खालची बाजू

आमच्या घरात ‘नाही’ म्हणायची चाल नव्हती. तांदूळ संपले की आई म्हणायची, तांदूळ उदंड झाले. दिवा विझवायचा नसे, शांत करायचा असे. बाहेर निघालेला माणूस ‘येतो’ म्हणूनच जायचा. मराठी घरांत हे थोडंफार सगळीकडेच असतं, पण देवासच्या दरबारात दोन-तीन पिढ्या काढलेल्या आमच्यासारख्या घरांत ते हाडीमाशी भिनलं होतं. राजाने विचारलं, “अमुक तयार आहे ना?” तर उत्तर एकच, “आहे.” मग ते तयार करायला धावाधाव करायची. राजाला जे उत्तर, तेच घरात वडिलांना. आम्हाला ही रीत फार सभ्य वाटायची. इतर लोक तोंडावर ‘नाही’ म्हणतात, त्यांना वळण नाही, असं मी लहानपणी खरंच समजत होते.

वडिलांना मी दादा म्हणायची. ते संस्थानच्या बागांचे सुपरिंटेंडेंट होते. देवासला तेव्हा दोन पात्या, म्हणजे राजघराण्याच्या दोन शाखा, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजे, रस्त्याची ही बाजू एकाची, ती दुसऱ्याची. आमच्या पातीचे बॉटल पाम उंच की त्यांचे, यावरून शहाणीसुरती माणसं महिना-महिना अबोला धरत. दादा त्या भांडणात पडत नसत. त्यांचा जीव झाडाच्या उंचीत नव्हताच, पानात होता. पुण्याला शेतकी शिकत असताना त्यांनी एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक घेतला होता. म्हातारा माळी त्याला खुर्दबीन म्हणायचा आणि जवळून जाताना हात जोडायचा.

ताड, माड, शिंदी, बॉटल पाम यांची पानं हे दादांचं वेड होतं. ते मला समजावत, आणि समजावताना त्यांचा आवाज बदलायचा. एरवी कुंडी फुटली तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस पानाबद्दल बोलताना मऊ व्हायचा. ते सांगत, की या कुळातलं कुठलंही पान गाभ्यात असतं तेव्हा ते एकच, अखंड असतं, लुगड्याच्या निऱ्यांसारखं घडी घातलेलं. बाहेर येता येता ते घड्यांवर फाटतं. ताडाचं अर्धवट फाटतं, म्हणून त्याचा पंखा होतो. शिंदीचं आणि माडाचं पार देठापर्यंत फाटतं, म्हणून त्यांच्या झावळ्या होतात. पण शिंदीची प्रत्येक पाती पन्हळीसारखी, पावसाचं पाणी धरणारी. माडाची, बॉटल पामची पाती छपरासारखी, पाणी सांडणारी. म्हणजे दिसायला शिंदी माडासारखी असली तरी तिचं नातं पंखेवाल्या ताडाशी. चेहऱ्यावर जाऊ नकोस, घडीवर जा, असं ते म्हणत.

यापुढचा विचार त्यांचा स्वतःचा होता. घडीच्या आतल्या बाजूला पातळ भिंतींच्या मोठ्या, पाणीदार पेशी असतात. त्या फुगल्या की मिटलेलं पान उघडतं. पन्हळीवाल्यांत त्या वरच्या बाजूला, छपरावाल्यांत खालच्या. दादांना वाटे की या दोन्ही घराण्यांच्या मूळ पुरुषाच्या पानात त्या दोन्ही बाजूंना असणार. पुढे एका शाखेने खालच्या टाकल्या, दुसरीने वरच्या. आणि माणसाच्या बाळात जशी कुळाची जुनी लक्षणं दिसतात, तशी शिंदीच्या कोवळ्या रोपाच्या पहिल्या पानांत ती जुनी खूण शिल्लक असेल. शिंदीचं पहिलं पान झावळीसारखं नसतंच, जाडसर गवताच्या पात्यासारखं अखंड असतं. त्या पानाच्या खालच्या बाजूला पाणीदार पेशी सापडल्या, की झालं.

त्या सापडायच्या आधी संस्थानं विलीन झाली. मी अकरा वर्षांची होते. दोन्ही राजांच्या बागा एका सरकारच्या झाल्या आणि एका सरकारला सुपरिंटेंडेंट कशाला हवा? आईने शेजारी सांगितलं, “ह्यांचं तिथलं काम पूर्ण झालं.” दादांना धारला शाळेत शिक्षकाची जागा मिळाली. आम्ही बैलगाडीत सामान आणि दादांच्या मांडीवर सूक्ष्मदर्शक अशा थाटात मोटारस्टँडवर गेलो. धारला तळ्यापासून जवळ दोन खोल्या मिळाल्या. शाळेत हिंदीतून शिकवायचं होतं. ज्या माणसाने उभा जन्म मोडीत टिपणं ठेवली, तो मुलांसमोर उभा राहून हिंदी शब्द शोधायचा आणि मुलं हसायची. हे मला माहीत होतं, कारण मीही त्याच गावातल्या शाळेत जात होते आणि मुली मला ऐकवत.

दोन वर्षांत त्यांची नजर गेली. एकदम नाही, कडेकडेने. आधी ते दाराच्या चौकटीला धडकायचे, मग पाटावरची वाटी हाताने लोटायचे. इंदूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. “जो गई सो गई, पंडितजी, अब बची हुई को सम्हालो,” ते म्हणाले. परत येताना मोटारीत आई सारखी म्हणत होती, “सांभाळायला सांगितलंय, म्हणजे सुधारेल.” दादा खिडकीकडे तोंड करून बसले होते. घरी आल्यावर आम्ही म्हणू लागलो की काचेवर धुकं आहे, आज ऊन कमी आहे, चष्म्याचा नंबर बदलायला हवा. घरात तीन माणसं, तिघांनाही ठाऊक, आणि एकानेही तो शब्द उच्चारला नाही.

दादांची शाळेतली नोकरी सुटली. पेन्शन होती, पोटाची काळजी तेवढी नव्हती. पण सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न मोठा होता. एके दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. “तू माझे डोळे हो,” म्हणाले. मी तेरा वर्षांची. मला इतका अभिमान वाटला की मैत्रिणींना सांगत सुटले. आजही ते वाक्य आठवलं की आधी तो अभिमानच आठवतो, आणि मग मला माझी शिसारी येते.

आमचा क्रम ठरून गेला. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मी हाटात जायची. तिथे शिंदीच्या पानांच्या झाडण्या आणि चटया विकणारी एक बाई बसायची. नाल्याच्या काठावरून मुळासकट उपटलेली शिंदीची रोपं ती मला आणून द्यायची. “बेन, इत्ती नानी पत्ती को कई करोगा? इनकी तो झाडू बी नी बने,” एवढ्याशा पानांचं काय करणार, असं ती हसून विचारायची. मी ऐटीत सांगायची, “दादा पुस्तक लिख रहे हैं.” कधी बागलीहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून जंगलातली रोपं मिळत. एकदा तर दादांना घेऊन मी धामनोदपर्यंत गेले, घाटाखाली ताडाचं कोवळं पान मिळेल म्हणून. ढाब्यावरच्या ट्रकवाल्याने ते पान आम्हाला दोरीने बांधून दिलं आणि आंधळ्या म्हाताऱ्याने ते उराशी धरून घरापर्यंत आणलं. दादा तेव्हा म्हातारे नव्हते. मला तसे वाटायचे.

सकाळी दहाच्या उन्हात खिडकीशी टेबल. पपईच्या देठाला चीर द्यायची, त्यात पानाचा तुकडा धरायचा आणि वस्तऱ्याने आडवा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घ्यायचा. काप दादाच घेत. त्यांचे हात नजरेवाचूनही चालत. पण या कुळाच्या पानांत तंतूंच्या कडेने वाळूचे बारीक दाणे असतात, खरीखुरी वाळू, झाडाने मातीतून ओढलेली. तिने वस्तऱ्याची धार जायची. दादा तो पट्ट्यावर घासायचे, पुन्हा काप, पुन्हा बोथट. बोथट वस्तऱ्याचा काप जाड येतो नाहीतर फाटतो. फाटलेला काप त्यांना दिसत नव्हता. मला दिसत होता. मी तो लाल रंगात बुडवून काचपट्टीवर ठेवायची, आरशाने ऊन पकडायची आणि डोळा लावायची. दादा शेजारी बसून माझ्या श्वासाकडे कान देत.

सुरुवातीला मी खरं तेच सांगितलं. वरच्या बाजूच्या पाणीदार पेशी मला दिसल्या, स्वच्छ, गोल, एकमेकींना चिकटून बसलेल्या. त्या मी वहीत काढल्या, त्यांनी वर्णन ऐकून मान डोलावली. तंतूंचे जुडगे दिसले, दाण्यांच्या रांगा चमकताना दिसल्या. मग त्यांनी विचारलं, “आणि खालच्या बाजूला?”

खालच्या बाजूला काप फाटला होता. लाल चिंध्या होत्या. मी म्हटलं, “खाली नीटसं कळत नाहीये.”

“नीट बघ.”

मी बघितलं. दुसरा काप घेतला. तिसरा. ऊन खिडकीतून सरकत चाललं होतं. दादांचा चेहरा माझ्याकडे वळलेला, भुवया वर, ओठ किंचित उघडे. हा माणूस मी कधी काही मागताना पाहिला नव्हता. चुलीशी बसलेल्या आईने मान वर केली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं मला पक्कं ओळखीचं होतं. पाहुण्यांसमोर लाडू संपले की ती अशीच बघायची.

“आहेत ना?” दादांनी विचारलं.

“आहेत,” मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले. मग मला म्हणाले, “काढ. जशा दिसतात तशा काढ.” मी वरच्या पेशी काढल्याच होत्या. त्याच मी खाली उलट्या काढल्या, थोड्या लहान. लहान का, तर दादा आधीच बोलले होते की या पेशी टाकलेल्या, म्हणून छोट्या असणार. तेरा वर्षांच्या पोरीला एवढी अक्कल होती. त्या दिवशी त्यांनी आईकडे शिरा मागितला आणि दोनदा घेतला.

एकदा ‘आहेत’ म्हटल्यावर दुसऱ्या पानात त्या नसून चालणार नव्हतं. दुसऱ्या पानात असल्या तर तिसऱ्यात थोड्या कमी, चौथ्यात आणखी कमी, झावळी फुटेपर्यंत पार गायब, हा क्रम दादांनी आधीच मनात मांडला होता. ते विचारायचे, “आता कमी झाल्या का?” मी म्हणायची, “हो, थोड्या.” पुढे पुढे मी डोळा लावायचीही घाई करत नसे. काढायचं काय हे त्यांच्या प्रश्नातच असायचं. आणि मला हे सांगायलाच हवं, की मला खोटं बोलतेय असं वाटत नव्हतं. मला वाटायचं मी वळणाने वागतेय. चार वर्षांत चार वह्या भरल्या. माझी चित्रं खरोखर सुंदर होती. शाळेत चित्रकलेचं बक्षीस मला मिळालं ते याच हातामुळे.

मग दादांनी निबंध लिहायला घेतला. इंग्रजीत, कारण तो एका मोठ्या शास्त्रीय संस्थेला पाठवायचा होता. ते बोलायचे, मी लिहायची. मला इंग्रजी धड येत नव्हतं, म्हणून ते एकेक अक्षर सांगत. एका पानाला दोन-दोन दिवस लागत. त्या महिन्यांत ते पुन्हा देवासचे दादा झाले होते. स्वच्छ धोतर, रोज दाढी, आईशी थट्टा. “छापून आलं की बघ,” ते तिला म्हणायचे, “दरबार गेला तरी माणूस राहिला म्हणतील.” हे बोलताना ते हसत, पण मला कळत होतं की त्यांचं सगळं या एका गोष्टीवर टांगलेलं आहे. हे जमलं नाही, तर त्यांच्याजवळ एक खाट, एक काठी आणि आम्ही दोघी, एवढंच उरणार होतं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. सांगून टाकावं, असं दोनदा ओठांवर आलं. एकदा ते नेमके जेवत होते. एकदा ते झोपाळ्यावर बसून गुणगुणत होते, आणि गुणगुणणाऱ्या माणसाला मी कशी सांगणार?

निबंध गेला. दोन महिन्यांनी उत्तर आलं की विषय चांगला आहे, काचपट्ट्या पाहायला पाठवाव्यात. दादांना आनंद मावेना. इतकी वर्षं जपून ठेवलेल्या काचपट्ट्या त्यांनी स्वतःच्या हाताने कापसात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात भरल्या, एकेक चाचपून, जणू अंडी होती. मी डबा पाडून फोडायचा विचार केला. टपाल कचेरीपर्यंत तो डबा माझ्याच हातात होता. तळ्याच्या कडेने जाताना मी थांबलेदेखील. पण काचा फुटल्या असं घरी जाऊन सांगायचं म्हणजेही वाईट बातमी सांगायचीच होती. मी डबा रजिस्टर करून आले.

उत्तर यायला पुढचा फाल्गुन उजाडला. मी अठरा वर्षांची होते. टपालवाल्याने दारातूनच हाक मारली, “बाबूसाब, आपकी रजिस्ट्री!” दादा झोपाळ्यावरून उठले, पुन्हा बसले, धोतर नीट केलं. आई ओले हात पुसत दाराशी आली. पाकीट मी फोडलं.

माझी नजर पुढे पळाली आणि मला कळलं. अजून वेळ होता. मी काहीही वाचू शकले असते: निबंध स्वीकारला आहे, पुढच्या अंकात येईल. ते मला पडताळणार कसे? पण पत्र इंग्रजीत होतं, आणि खोटं पत्र मनातल्या मनात रचून वाचायला तेवढी भाषा तरी यायला हवी होती. मराठीत मी नक्की खोटं वाचलं असतं. माझ्या प्रामाणिकपणाची एवढीच गोष्ट आहे. मी अडखळत, शब्दाला शब्द लावत, जे होतं ते वाचलं. लिहिणारे गृहस्थ फार सौजन्याने लिहीत होते. कल्पना विचार करण्याजोगी आहे. आकृत्या अतिशय रेखीव आहेत. मात्र आकृत्यांत पानाच्या खालच्या बाजूला दाखवलेल्या पेशी पाठवलेल्या एकाही काचपट्टीवर आढळत नाहीत; बरेचसे काप फाटलेले आहेत; आकृत्या कशावरून काढल्या हे कळेल का?

“पुन्हा वाच,” दादा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

आई म्हणाली, “अहो, काचा वाटेत खराब झाल्या असतील.” त्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मला म्हणाले, “खालच्या पेशी होत्या?”

“नव्हत्या.”

“कधीच?”

“कधीच नव्हत्या, दादा.”

मला वाटलं ते ओरडतील. मी वाट बघत होते त्याची. त्यांनी ओरडावं, काठी घ्यावी, आईने मध्ये पडावं, मी रडावं, आणि मग काहीतरी संपेल. त्यांचा आवाज चढलाच नाही. त्यांनी विचारलं, “मग बाकीचं? तंतू? दाण्यांच्या रांगा? ताडाचं पान? चार वह्यांत तू पाहिलेलं किती आणि मनाचं किती?”

मग ते म्हणाले, वह्या घेऊन बस, पाहिलेल्या प्रत्येक चित्रावर खूण कर. मी तीन दिवस बसले. पहिल्या वहीतली काही चित्रं मला पक्की आठवली. पुढे पुढे एकेका चित्राकडे बघून मी नुसती बसून राही. हे मी पाहिलं होतं की दादांच्या तोंडून ऐकलं होतं? ही रांग चमकताना खरंच दिसली होती, की मागच्या वहीतून उतरवली होती? बऱ्याच चित्रांत खरं असणारच, पण कुठलं ते मलाच ओळखू येईना. त्यांचे डोळे झालेल्या मुलीने त्यांची चार वर्षं अशी कालवून ठेवली होती की त्यातलं चांगलं धान्यही निवडता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी जाऊन तसं सांगितलं. “राहू दे,” ते म्हणाले. त्यांची कल्पना खरी होती की खोटी, हेही मला आजतागायत माहीत नाही. चांगल्या धारेचा वस्तरा आणि सरळ मुलगी मिळाली असती, तर निदान त्यांना तरी कळलं असतं.

सूक्ष्मदर्शक त्यांनी शाळेला देऊन टाकला. मला कधी रागे भरले नाहीत, पण माझ्यावर विसंबणं त्यांनी सोडलं. मी म्हणे, पाणी ठेवलंय, तर ते तांब्यात बोट बुडवून बघत. दार लावलंय म्हटलं, तर उठून भिंतीच्या आधाराने जात आणि कडी चाचपून येत. टपालवाला आला की पत्र शेजारच्या वकिलांकडून वाचून घेत. आई चिडायची, “पोरीवर किती दिवस सूड उगवाल?” तो सूड नव्हता. त्यांना खरंच जगात कशाचाच भरवसा वाटत नव्हता, आणि ते मी केलं होतं. लाज वाटते म्हणणं सोपं आहे. मला भीती वाटायची, की हा माणूस आता पूर्ण अंधारात आहे आणि त्या अंधारात आम्ही कोणी नाही.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं, धारलाच, तळ्यापलीकडच्या धर्मशाळेत. निघायची वेळ दुपारची होती. मोटार उभी होती, बायका घाई करत होत्या. मी दादांच्या पाया पडले. ते उभे होते, नवी टोपी, काठी, कपाळाला गंध. गर्दीत त्यांनी विचारलं, “रडते आहेस?”

रीतीप्रमाणे मी म्हणायला हवं होतं, छे हो, आनंदात आहे. मी खरं सांगितलं. “हो, दादा. रडतेय.”

त्यांनी काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात पुढे केला आणि माझा गाल चाचपून पाहिला.